आबाजींची ट्रंक : प्रकल्प नोंदी (जून ते डिसेंबर २०२५)

१५ जून

मृग लागून आठवडा झाला, पावसाचा पत्ता नाही. बाबा बियाण्याच्या थैल्या मांडून आभाळाकडे पाहत बसलेत, त्यामुळे आज सपरी माझ्या ताब्यात आली. आबाजींची, म्हणजे माझ्या आजोबांची, फौजेतली ट्रंक उघडली.

मार्चमध्ये आबाजी गेले तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. तेरवीच्या दिवशी पंगतीत प्रत्येक जण त्यांची एकेक गोष्ट सांगत होता, आणि दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नव्हत्या. कोणी म्हणे त्यांनी रणगाडे उडवले, कोणी म्हणे ते लाहोरपर्यंत गेले. घरात मात्र त्यांनी लढाईचं अक्षर काढलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं, जे हाताला लागेल ते नीट जमा करायचं आणि १६ डिसेंबरला, १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धाच्या विजय दिवशी, गावच्या वाचनालयात मांडायचं. सोबत माझा आत्येभाऊ आणि शाळेचे गुरुजी आहेत.

ट्रंक काळ्या पत्र्याची आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. उन्हात तिरपी धरली तर हुद्द्याच्या खाली जुना हुद्दा दिसतो, त्याच्याही खाली आणखी एक. वर ‘हवालदार’, त्याखाली ‘नाईक’, आणि अगदी तळाला ‘सॅपर’, म्हणजे इंजिनिअर पलटणीतला साधा जवान. दर बढतीला त्यांनी काळा हात मारून नवं लिहिलं होतं. हा फोटो सकाळी आठच्या उन्हातच येतो, दुपारी रंगाची जाडी दिसत नाही.

आत निघालं ते असं : डिस्चार्ज बुक, मेडलची डबी, एक खाकी मफलर, हिशेबाच्या दोन वह्या, आणि पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात सुतळीनं बांधलेली पत्रं.

आत्येभावाला पहिलीच सूचना दिली, काहीही लॅमिनेट करायचं नाही. सैन्यातून सुटल्याचा दाखला घरच्यांनीच पूर्वी प्लास्टिकमध्ये घालून आणला होता. आता आत शाई पसरून हुद्दा वाचता येत नाही आणि प्लास्टिक काढावं तर कागदच फाटतो.

२२ जून

दिवसभर पत्रं उलगडली. बहुतेक निळी अंतर्देशीय, काही पाकिटं. पाठवणाऱ्याच्या जागी गावाचं नाव कुठंच नाही, फक्त नंबर, युनिट आणि ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. फौजी कुठं आहे ते पत्रावरून कळू नये म्हणून ही सोय.

प्रत्येक पत्राच्या डाव्या कोपऱ्यात गोल करून आकडा आहे. मे १९७० ला लग्न झालं, रजा संपवून आबाजी परत गेले, तिथून १ सुरू. शेवटचा आकडा ५३, साल १९७४. त्यानंतर आजी खडकीला क्वार्टरमध्ये राहायला गेली. पुढची थोडी पत्रं होती, ती कोठ्याच्या गळक्या छपराखाली गेली.

आकडे कशाला, विचारलं तर आजी म्हणाली, “मंधातलं एखांदं गायब झालं तं समजलं पाहिजे ना मले.”

डोळ्यांत पाणी आलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. १ ते ८ ही पत्रं गिचमीड, धावत्या अक्षरात आहेत. ९ पासून अक्षर एकदम मोठं होतं. प्रत्येक अक्षर सुटं, दोन शब्दांत बोटभर जागा, आणि जोडाक्षरं जवळजवळ नाहीत. ‘पत्र’ हा शब्द टाळून ‘कागद’. ‘प्रकृती’ टाळून ‘तब्बेत’ नाही, तर ‘आंग कसं हाय’. आधी वाटलं कोणा दुसऱ्यानं लिहिलीत. आजीनं उलगडा केला. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हाचे गुरुजी पत्र वाचून दाखवत. नव्या नवरीला नवऱ्याचं पत्र परक्या माणसाच्या तोंडून ऐकायची लाज वाटे. तिनं गुरुजींकडूनच उत्तरात लिहवून घेतलं, की मी अक्षरं शिकून राह्यली. पुढच्याच पत्रापासून आबाजींनी मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं. ३०च्या पुढे हळूहळू जोडाक्षरं परत येतात. म्हणजे दूर कुठंतरी तंबूत बसून हा माणूस बायकोचा धडा चार अक्षरं पुढे सरकवत होता.

९ आणि ४० ही दोन पत्रं शेजारी शेजारी लावायची. बाकी काही मांडलं नाही तरी चालेल.

५२ पत्रं आहेत. ३१ नंबरचं नाही. तारखांवरून ते फेब्रुवारी १९७२ चं असावं.

६ जुलै

आषाढी. पाऊस आला, दुबार पेरणीचं संकट टळलं, घरात उपासाची उसळ.

मेडल पाहिली. आपल्याकडे मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, त्यामुळे कोणतं कोणाचं यात घोळ होत नाही. पण आजी दर २६ जानेवारीच्या आधी चिंच आणि राख लावून ती देवाच्या भांड्यांसोबत घासत आली, म्हणून कडा गुळगुळीत झाल्यात. पातळ कागद गुंडाळून पेन्सिल घासली तेव्हा नाव उमटलं. पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, नऊ वर्षं सेवेचं मेडल. शौर्यपदक नाही. आजीला घासू नको असं सांगितलं नाही. तिनं पन्नास वर्षं घासली, तोही त्यांचाच इतिहास आहे.

२० जुलै

झड लागली आहे, चार दिवस ऊन नाही. कागदांना ओल धरू नये म्हणून पत्रं कडुलिंबाच्या पाल्यासोबत वर्तमानपत्रात बांधून चुलीजवळच्या फळीवर ठेवली.

चूक लिहून ठेवते. आजीशी दीड तास बोलणं रेकॉर्ड केलं आणि मोबाईल सिमेंटच्या पत्र्याखाली ठेवला होता. ऐकायला बसले तर नुसता पाऊस. आता टॉवेलच्या घडीवर मोबाईल, पंखा बंद, आणि पाऊस उघडल्यावरच. ती म्हणते तेच पुन्हा सांगेन, पण तेच पुन्हा कधी येत नाही.

२२ ऑगस्ट

पोळा. काल संध्याकाळी बाबांनी बैलांचे खांदे शेकले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या” म्हटलं. आबाजींच्या हातचं ते काम, यंदा पहिल्यांदा बाबांनी केलं.

तोरण तुटलं, झडत्या झाल्या, बैल घरोघरी गेले. बैलं धरून आलेले शेजारचे काका ओट्यावर बसले आणि मी न विचारता त्यांनी विहिरीची गोष्ट काढली. पूर्ण रेकॉर्ड झाली. इथं थोडक्यात.

आबाजी १९८४ ला सुटून आले. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात एका कास्तकाराची विहीर खोल करणं चालू होतं. आपल्याकडं वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली काळा दगड, तो सुरुंगाशिवाय फुटत नाही. सुरुंगवाला बाहेरगावचा. आबाजी सैन्यात सुरुंगाचंच काम करत, म्हणून त्यांना नुसतं पाहायला बोलावलं होतं. नऊ भोकं पाडली, मसाला भरला, नऊ वाती पेटवल्या, सगळे लांब पळाले. आबाजी बाभळीखाली बसून बोटांवर आवाज मोजत होते.

काकांच्याच शब्दांत : “धुरळा बसला. मी अन् माहा भाऊ दोर धरून उतरनार, तं हे म्हनते थांबा, आठच वाजले. सुरुंगवाला म्हने दोन एकदमच उडाले असन, आवाज एकच येते. खरं होतं त्याचं, येते तसा आवाज. हे म्हनते, उडाले असन. नसन बी. मालक चिडला, रोजी कोन देईन म्हने. तं यायनं धोतराच्या कनवटीतून पैशे काढले अन् आमच्या दोघायची रोजी तिथंच मोजून देल्ली. अन् सोता इहिरीच्या काठावर खाट टाकून रातभर झोपले, कोनी उतरू नये म्हनून.”

सकाळी सुरुंगवाला आणि आबाजी दोघंच उतरले. ढिगाऱ्याखाली एका भोकात मसाला तसाच होता, वात अर्ध्यात विझलेली.

काका बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, “माहा भाऊ अजून हाय. त्याचे नातू बी हायेत. आता मोज.”

ही गोष्ट मी आजवर ऐकली नव्हती. आजीलाही फक्त एवढंच ठाऊक होतं, की एकदा ते रात्री घरी आले नाहीत आणि दोन रोजींचे पैसे कुठं गेले ते सांगितलं नाही.

१४ सप्टेंबर

गावातल्या पोरांनी फ्लेक्सचा नमुना पाठवला. आबाजींचा फोटो, मागे जळता रणगाडा, वर ‘शत्रूचा कर्दनकाळ’. पोरांचं प्रेम खरं आहे, वर्गणीही त्यांनीच काढली. तरी मी हो म्हटलं नाही. संध्याकाळी त्यांना सपरीत बसवून सॅपर म्हणजे काय ते सांगितलं. तेच इथं लिहिते, म्हणजे माहितीफलकाला उपयोगी पडेल.

आबाजी १९६६ ला भरती झाले, बॉम्बे सॅपर्समध्ये, केंद्र पुण्याजवळ खडकी. इंजिनिअर पलटणीचं काम म्हणजे पूल बांधणं, रस्ता काढणं, सुरुंग पेरणं आणि काढणं. रणगाडा पुढे जातो तो सॅपरनं वाट मोकळी केल्यावर. याच पलटणीचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली, आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. फौजेतल्या माणसांपैकी हेच एक नाव आबाजी घरात घेत, आणि घेताना खाटेवर असले तर उठून बसत.

डिसेंबर १९७१ मध्ये ते पश्चिमेला होते, पाकिस्तानातल्या शकरगढच्या भागात. तिथं रावी आणि चिनाबच्या मधल्या सपाट रानात मैलोगणती सुरुंग पेरलेले होते. बसंतर नदीच्या लढाईत १५ डिसेंबरच्या रात्री सॅपरांनी सुरुंगातून वाट काढली आणि त्या वाटेनं रणगाडे पलीकडे गेले. आबाजी नेमके त्या वाटेवर होते की बाजूच्या, हे एकाही कागदावर नाही, म्हणून फलकावर तसं लिहायचं नाही. १७ डिसेंबरच्या रात्री आठला पश्चिम सीमेवर युद्ध थांबलं. बाकीच्यांचं थांबलं. सॅपरांचं काम पुढे कित्येक महिने चाललं, कारण पेरलेलं सगळं उपटायचं होतं.

सुरुंग काढायचा तो पोटावर झोपून. हातात सळई, ती जमिनीत तिरपी घालायची. उभी घातली तर टोक सुरुंगाच्या डोक्यावर पडतं, तिरपी घातली तर त्याच्या कुशीला लागतं. दोन बोटं पुढे, पुन्हा घालायची. काही लागलं की हातानं माती बाजूला. तपासलेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी फीत. आणि आपणच पेरलेलं शेत असेल तर नोंद असते, किती पेरले, कुठं पेरले. तेवढेच निघाले पाहिजेत. एक कमी भरला तर ते रान शेतकऱ्याला परत देता येत नाही.

पत्र क्रमांक ३०, जानेवारी १९७२ : “इथली माती आपल्यावानी काळी नाही. पायाले चिकटत नाही. गहू चांगला होईन. ज्याचं रान त्याले लवकर भेटलं पाहिजे, हंगाम चालला.”

पोरं गप्प ऐकत होती. त्यातला सर्वांत दांडगा म्हणाला, “म्हनून आबाजी आम्हाले बंडीत बसवलं की मोजत जाय.” आम्हा सगळ्यांनाच ते मोजत. जत्रेत, लग्नात, पंगतीत, पऱ्हाटीतून वेचणीच्या बाया परतल्या की. एक डोकं कमी दिसलं तर ताटावर बसत नसत. आम्ही लहानपणी त्यावर हसायचो.

फ्लेक्स बदलला. ट्रंकेचं झाकण, तीन हुद्दे एकाखाली एक.

५ ऑक्टोबर

सोयाबीन सोंगणी चालू, सगळे रानात. लॅमिनेट झालेल्या दाखल्याची नवी प्रत मिळावी म्हणून एका कचेरीत तिसरी खेप. साहेब रजेवर. यात आणखी दिवस घालवायचे नाहीत, डिस्चार्ज बुकातल्या नोंदींवर भागवू.

२५ ऑक्टोबर

परवा भाऊबीज झाली. आत्या दारव्ह्याहून आली. तिला दाखवण्यासाठी डिस्चार्ज बुक काढलं आणि शेवटच्या पानामागून कागदाची एक घडी खाली पडली. आधी वाटलं डाग आहे. खिडकीशी बाजूच्या उजेडात धरलं तर पाच बोटं, टाच. लहान बाळाचं पाऊल. आत्या जन्मली जानेवारी १९७२ मध्ये, बाप सीमेवर. आजीनं कुंकू कालवून तिचं पाऊल कागदावर उठवलं आणि पाकिटात घालून धाडलं. कुंकवाचा रंग आता चहासारखा झालाय. पत्र ३२ मधलं एक वाक्य मला लागत नव्हतं : “पाय भेटला. खिशात ठेवला.” आता लागलं.

आत्या त्रेपन्न वर्षांची आहे. गुडघा दुखतो, मांडी घालता येत नाही. ती तो कागद हातात घेऊन बराच वेळ पायरीवर बसली. आम्ही कोणी बोललो नाही.

त्याच दुपारी आजीनं ३१ चं सांगितलं. मी जूनपासून विचारत होते, ती “असन कुठं” म्हणून टाळत होती.

आबाजींसोबत दिग्रसकडचा एक जवान होता. एकाच दिवशी भरती झालेले, खडकीला शेजारी शेजारी खाट. रजेवर दोघं मिळून यायचे, मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेच्या अडीच फुटी रुळावरच्या डब्यात बसायचे, आणि दारव्ह्याला उतरून वाटा वेगळ्या. फेब्रुवारी १९७२ मध्ये, युद्ध थांबून दोन महिने झाल्यावर, सुरुंग काढताना तो गेला. ३१ नंबरच्या पाकिटात दोन कागद होते, एक आजीला, एक त्याच्या आईला. आजी तेव्हा महिन्याभराची बाळंतीण. तिनं सासऱ्यांना बंडी जुंपायला लावली आणि सासऱ्यांनी ते पाकीट त्या घरी नेऊन दिलं. आजीच्या नावचा कागदही त्यातच गेला. “मागून आनासारखं नव्हतं ते,” ती म्हणाली.

आणि मग दुसरी गोष्ट. आबाजी दर भाऊबीजेला दुपारची एसटी धरत, बहिणीकडे जातो म्हणत. त्यांना सख्खी बहीण नव्हती. आम्ही समजायचो कोणी चुलत असेल. ती त्या जवानाची बहीण.

यंदा भाऊबीजेला तिच्याकडे कोणी गेलं नाही. तेरवीचं बोलावणंही आम्ही पाठवलं नव्हतं.

९ नोव्हेंबर

बाबा आणि मी मोटरसायकलवर गेलो. जुनं गाव धरणात गेलं, आता पुनर्वसनाच्या वसाहतीत घर. रस्ताभर ठरवत होतो कसं सांगायचं. बाई अंगणात कापसातली कवडी निवडत होत्या, वय पंच्याहत्तरच्या पुढे. बाबांकडे पाहिलं, चेहरा ओळखला असावा, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, “भाऊबीजेले नाही आला तवाच समजलं मले. ताट वाढून ठेवलं होतं.”

बाबा खाली मातीतच बसले. वडील गेल्यावरही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

पत्र त्यांच्याकडे आहे. भावाच्या फोटोच्या चौकटीत, फोटोच्या मागे. गाव सोडताना आधी ती चौकट बाहेर काढली, मग भांडी. त्यांच्या नातवानं खिळे काढले. आईच्या नावचा कागदही त्याच मोठ्या, सुट्या अक्षरात आहे, कारण आईला वाचून कोण दाखवील हे आबाजींना माहीत नव्हतं. त्यांच्या परवानगीनं एवढंच उतरवून घेतलं :

“माय, तो माह्यापासून दहा पावलावर होता. मी धावलो नाही. धावता येत नव्हतं. एक एक बोट करत त्याच्यापाशी गेलो. त्याले एकटं जाऊ देलं नाही. त्या रानात एक कमी होता तो आमी दुसऱ्या रोजी काढला. आता तिथं कोनाचा पाय पडला तं काही होनार नाही.”

त्याखालचा मजकूर त्या घरचा आहे. आजीच्या नावचा कागद बाईंनी घडी करून माझ्या हातात ठेवला. मी तो वाचला नाही, फोटो काढला नाही, घरी आणून आजीला दिला. तिनं कनवटीला लावला. प्रदर्शनात तो नसेल.

निघताना बाबांच्या कपाळाला कुंकू लागलं, हातात नारळ आणि टॉवेल. आंबाडीची भाजी-भाकर खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

७ डिसेंबर

ध्वजदिन. शाळेच्या मुलांनी निधीची डबी फिरवली. वाचनालयाला चुना मारून झाला. गुरुजींनी जुन्या खिडक्यांच्या काचा मिळवल्या, पत्रं काचेखाली, टाचण्या कुठंच नाहीत. ९ आणि ४० शेजारी लागली. पावलाच्या कागदाला थेट उजेड नको म्हणून कोपऱ्यात, वर कापडाचा पडदा. तो उचलून पाहायचा.

३१ ची जागा रिकामी सोडली. आत्येभाऊ म्हणत होता ओळ सलग करू, कोणाला कळणार. नाही केली. तिथं चिठ्ठी : ‘३१. हे पत्र आबाजींच्या मित्राच्या घरी आहे.’

१६ डिसेंबर

सकाळी थंडी होती, तरी माणसं आली. विहिरीचे काका भावाला घेऊन आले, भाऊ काठीवर. त्यानं एकही पत्र वाचलं नाही, ट्रंकेला हात लावून बाहेर जाऊन बसला. बाया ९ आणि ४० पुढे थांबत होत्या. एक सुनबाई म्हणाली, माह्या सासूले दाखवाले आनतो, ती आता शिकून राह्यली.

आजी शेवटी आली. सगळ्यांचं पाहून झाल्यावर, काचेवर बोट टेकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. ओठ हलत होते.

“बावन्न,” ती म्हणाली.

“हो आजी.”

“अन् एक तिकडं.”

“एक तिकडं.”

बाकी राहिलेली कामं : गुरुजींच्या काचा शुक्रवारी परत. पत्रांच्या स्कॅनची एक प्रत दिग्रसला नेऊन द्यायची, त्यात ३१ नाही. ट्रंकेच्या बिजागरीला तेल. पुढच्या भाऊबीजेला बाबा जाणार, त्यांनी स्टँडवर दुपारच्या एसटीची वेळ विचारून ठेवली आहे.